बिनमिठाचा बटाटा

अख्ख्या मद्रासेत बटाट्यावरून इतका संतापणारा माणूस दुसरा झाला नसेल, आणि मी जन्मात कुणावर एवढा संतापलो असेन तर तोही ह्याच माणसावर. वेस्ट मांबलमचे आमचे घरमालक काका. मी साताऱ्याहून नोकरीला आलेला. त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो आणि इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात जायचो. काकांचं घराणं तंजावरकडचं. मराठी जुनी, ऐटदार, सूर मात्र पक्का तमिळ. त्या मराठीत शिव्या खाल्ल्या तरी काहीतरी मानाचं मिळाल्यासारखं वाटतं, एवढं मात्र कबूल करायला हवं.

काकांचा जन्म गेला शेतकी खात्यात, तोही उटीकडे बटाट्याच्या मळ्यांत. त्यांचं म्हणणं एकच. युरिया वाढवला की बटाटा फुगतो, वजन भरतं, पण आत नुसतं पाणी. पिठूळपणा जातो, चव जाते. शिवाय प्रत्येक जातीची भूक वेगळी, सगळ्यांना एकाच मापानं खत कसलं घालता? साहेबांना हवं होतं वजन. कडाक्याचं भांडण झालं आणि काकांना डोंगरावरून उचलून चेन्नईतल्या एका टेबलाशी बसवलं. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी ते त्या साहेबाशी भांडतच होते, आणि साहेब हाताशी नसल्यामुळे माझ्याशी. "एकदां तरी मज दाखवायचें आहे," म्हणायचे, "कमी खताचाच बटाटा चवीस जिंकतो! मग मी मेलों तरी चालेल."

त्यासाठी गच्चीवर पोती मांडली होती. एक जात उटीची, एक साताऱ्याकडची. दोन्हींना कुठं युरिया अजिबात नाही, कुठं अर्धा, कुठं पुरा, कुठं साहेबांच्या आवडीचा दुप्पट. साताऱ्याचं बेणं अर्थातच मी आणायचं. आईनं दिलेले लाडू बाहेर काढून बॅगेत बटाटे भरले मी, गाढवानं! त्यात त्या वर्षी नळ कोरडे. आम्ही पाण्याच्या लॉरीतून, म्हणजे टँकरमधून, मिळालेल्या अर्ध्या बादलीत अंघोळ उरकतोय आणि हे महाशय पोत्यांना तांब्या तांब्या पाणी पाजतायत. "काका, इथं माणसं तहानली आहेत!" मी ओरडलो. "माणसें लॉरीमागें पळतील," ते त्याहून मोठ्यानं ओरडले, "पोतें पळेल काय?"

आणि कहर म्हणजे चाखायचं मी. काकांना मधुमेह, डॉक्टरांनी बटाटा बंद केलेला, काकूंचा पहारा कडक. मग माझी जीभ तयार करण्यासाठी बाजारचा बटाटा उकडून, बिनमिठाचा, मी कंपनीची बस गाठायला धावत असताना माझ्या तोंडात कोंबायचे.

"कसा आहे?"

"चांगला."

झालं! "अय्यो, चांगला म्हणजे काय? मुलगी पाहून आलास? पिठूळ कीं चिकट? गिळतांना पाणी सुटतें? तोंडांत जीभ आहे कीं चामडें?" ह्यापायी किती वेळा बस चुकली आणि किती वेळा सुपरवायझरची बोलणी खाल्ली! खोली सोडतो म्हणून दर महिन्याला ठरवायचो. संध्याकाळी काका जिन्यात वाट बघत उभे दिसले की राहून जायचं. परक्या गावात माझी वाट बघणारं दुसरं कोण होतं?

चेन्नईच्या उकाड्यात बटाटा धरतो कसला! मार्गळीच्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या, गारव्यात धरला तो सुपारीएवढा. पोंगल झाल्यावर पोती उपसली, काकांनी स्वतः सगळे वेगवेगळे उकडले, वाट्या ओळीनं मांडल्या. त्या दिवशी मी खरोखर जीव ओतून चाखलं. एकदा चाखलं, पाणी पिऊन पुन्हा चाखलं. दोन्ही जातींत, खत कमी असो की दुप्पट, चव सारखीच.

"फरक नाही, काका."

"नीट चाख रे." पहिल्यांदाच ते ओरडले नाहीत.

तेवढ्यात काकू दारातून म्हणाल्या, "कमी खताचीं झाडें फार रोडकीं दिसत होतीं हो. एका पंक्तींत एकास वाढायचें नि एकास नाहीं? मज बघवेना. तुम्ही दुपारीं निजलात कीं मी घालत होतें चिमूट चिमूट. सगळीं सारखीं होईपर्यंत."

माझं डोकंच फिरलं. माझे लाडू, माझ्या बसेस, माझ्या अंघोळी! "अहो काकू, सगळ्यावर पाणी ओतलंत!" मी किंचाळलो, आणि आता काका घर डोक्यावर घेणार म्हणून थांबलो.

काका काकूंकडे बघत राहिले. मग बिनखताच्या म्हणून मांडलेल्या वाटीतला एक बटाटा त्यांनी उचलला. काकूंचा हात अडवायला पुढे आला आणि तसाच मागे गेला. काका डोळे मिटून कितीतरी वेळ चावत राहिले.

"कसा आहे?" माझ्याच्यानं राहवेना.

"चांगला," काका म्हणाले.

पिठूळ की चिकट, ते मी विचारलं नाही.