दोर भरतचा

खाडीचं पाणी आमच्या पनवेलच्या कोळीवाड्यात शिरलं, की कामं वाटून देण्याचा मान माझ्या शेजारच्या कृष्णाबाईंचा. म्हाताऱ्यांना कोणी उचलायचं, चूल कोणी पेटवायची, ते त्या ओट्यावरून हाक मारून सांगतात. सर्वांत जोखमीचं काम दोराचं. देवळाच्या खांबाला बांधलेला दोर गल्लीच्या टोकाला पाण्यात उभं राहून ताणून धरायचा, म्हणजे त्याच्या आधाराने माणसं वर येतात. ज्याच्याकडे दोर, त्याने स्वतः सोडल्याशिवाय तो दुसऱ्याला देत नाहीत, अशी इथली रीत.

दोर कृष्णाबाईंच्या मुलाचा, भरतचा. तो जहाजावर नोकरीला गेला आणि पुढे परदेशातच राहिला. तेव्हापासून दोर त्या स्वतःच धरत.

यंदा पाणी चढलं तेव्हा पुतणी रोहिणी म्हणाली, "काकी, तुला धड उभं ऱ्हाता येत नाय, दोर काय धरतेस? दे मला."

कृष्णाबाईंनी मला भरतला फोन लावायला सांगितला.

"आये, अजून तुझ्याकडंच दोर?" तो हसला. "दे की रोहिणीला."

"आन् तू आलास म्हंजे?"

"तवाचं तवा बघू."

फोन माझ्या हातात देऊन त्यांनी नेहमीसारखी खणखणीत हाक दिली, "रोहिणी, दोर तुझा!"

पाणी ओसरल्यावर रोहिणी दोर आपल्या घरी घेऊन गेली. कृष्णाबाईंच्या दाराआडची दोराची खुंटी रिकामी झाली. तिच्यावर परवा कोणीतरी पिशवी अडकवली, ती त्यांनी लगेच काढून ठेवली.