हुंकारापुरती उसंत

वीरभद्र अण्णांनी पुस्तके वाचायचे यंत्र कसे निवडले, या कथेचे सोलापुरात निदान तीन पाठ प्रचलित आहेत. सात रस्त्याजवळच्या दुकानातला पाठ असा, की म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला काही कळले नाही आणि त्याने जुनाट नमुना उचलला. अण्णांच्या घरचा पाठ म्हणतो, हा निव्वळ हट्ट. तिसरा पाठ आमच्या लोककथा मंडळाचा. कोणत्याही मंडळात किस्से असेच साठतात. प्रसंग एकदा घडतो, सांगणारे मात्र थांबत नाहीत. मी प्रत्यक्ष हजर होतो, म्हणून तिसरा पाठ मला अधिक विश्वसनीय वाटतो. अर्थात, प्रत्येक पाठाचा सांगणारा हेच म्हणतो.

अण्णांची हयात सूतबाजारात गेली. मराठी आणि कन्नड दोन्ही त्यांच्या घरच्याच भाषा. आमचे मंडळ अक्कलकोटपासून वैरागपर्यंत फिरून कथा गोळा करते आणि वर्षातून एकदा त्या जाहीर वाचते. वाचायचे ते अण्णांनीच. त्यांचा नियम असा, की ऐकणाऱ्याने मधूनमधून ‘हं’ म्हणायचे. हुंकार आला नाही तर कथा पुढे सरकत नाही. मंडळातल्या माणसांचा हुंकार ते जाहीर वाचनात धरत नाहीत. तो पगारी, असे त्यांचे मत. एका वर्षी श्रोत्यांत पाहुणे प्राध्यापक होते. त्यांनी आदरापोटी मौन पाळले. अण्णांनी पुस्तक मिटले आणि शांतपणे विचारले, “सर, निजला काय?”

यंदा त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. छापील अक्षर दिसेना.

“अवंदा वाचायला दुसरं कुणी बघा,” ते बैठकीत म्हणाले.

आमच्यापैकी कुणीही ‘हं’ म्हटले नाही.

* * *

घरी त्यांच्या पत्नी, गंगावहिनी, त्यांना पेपर वाचून दाखवू लागल्या. मी एकदा तिथे बसलो होतो. नळाला पाणी दिवसाआड येणार, एवढ्या बातमीला वहिनींनी चहा संपेपर्यंत वेळ लावला.

“ह्यात पेपरचं किती आन तुजं किती?” अण्णांनी विचारले.

“पेपरात तेवढंच हाय. बाकीचं मी घातलंय, चवीला.”

पाठभेद कसा जन्मतो हे इतक्या जवळून पाहण्याचे भाग्य फार थोड्या अभ्यासकांना लाभत असेल.

याच वहिनींनी अण्णांच्या कथेला मात्र आजवर एकदाही हुंकार दिला नव्हता. मी कारण विचारले. “दिवसभर ह्यांच्या बोलण्याला व्हय व्हय म्हनते की,” त्या म्हणाल्या. “वर आनि हं कशाला?”

* * *

मंडळाच्या चिटणीस सुनंदाताई चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम करतात. त्यांनी मजकूर आपोआप वाचून दाखवणारा टॅब आणला. स्वच्छ, गोड आवाजात एक बाई कथा वाचू लागली. पहिल्या पूर्णविरामाला अण्णांनी रीतसर ‘हं’ म्हटले, तोवर बाई पुढच्या वाक्यात पोचली होती. अण्णांनी हुंकारांचा वेग वाढवला. कथा संपली तेव्हा त्यांना धाप लागली होती.

“बाई हुशार हाय,” ते म्हणाले. “पर आपण हितं बसलोय का उठून गेलोय, तिला कायबी फरक पडत न्हाय.”

* * *

मग ताईंनी सहकाऱ्याकडून ई-रीडर आणला. पडदा कागदासारखा, चमक नाही, अक्षर हवे तेवढे मोठे. अण्णांचा चेहरा खुलला. परंतु पोथी वाचण्याची त्यांची लहानपणापासूनची रीत अशी, की उजव्या हाताचे बोट ओळीखालून फिरते. हा पडदा बोट लागताच पान उलटणारा. राजपुत्र वनात जाण्यासाठी वेशीपाशी आला, बोट सरकले, आणि पुढच्या ओळीत त्याच्या मुलाचे बारसे.

“लई घाई झाली की,” अण्णा म्हणाले.

“बोट उचलून वाचा ना, अण्णा,” ताईंनी सुचवले.

“बोट उचललं तर आवाजबी उचलतो, सुनंदा.”

त्यांनी करून दाखवले. खरोखरच वाक्य मध्येच लटकले.

* * *

यंत्राइतकाच अवघड प्रश्न आमच्या कथासंग्रहाचा होता. त्याची पाने स्कॅन केलेली होती. अक्षर मोठे केले की निम्मी ओळ पडद्याबाहेर जाई. ताईंनी सुट्ट्यांमध्ये बसून अख्खा संग्रह नव्याने टाइप केला. पहिल्या खेपेस कथांमधल्या कन्नड गाण्यांच्या जागी नुसते चौकोन उमटले.

“म्हातारी गाणं म्हनते तितं खिडक्या आल्यात,” अण्णा म्हणाले. “म्हातारी खिडकीत बसून गाते काय?”

ताईंनी कन्नड फॉन्ट घातला आणि म्हातारी गाऊ लागली. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. कथा सांगणाऱ्या स्त्रियांची नावे छापील पुस्तकात शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत होती. ताईंनी ती प्रत्येक कथेच्या माथ्यावर आणली. मंडळाचा मला अभिमान आहे तो अशा कामांसाठी.

* * *

अखेर आम्ही दुकानात गेलो. विक्रेत्याने नवा नमुना दाखवला. पान क्षणात उलटणारा, बटण एकही नाही. अण्णांनी शेजारच्या जुन्या नमुन्याकडे बोट केले. त्याच्या कडेला बटणे होती आणि पडद्याला बोट लागून काही होत नव्हते.

“काका, हा पान बदलताना जरा काळा होतो. थांबतो. लोकांना आवडत नाही.”

अण्णांनी बटण दाबले. पडदा काळा झाला, मग पान आले. त्यांनी पुन्हा दाबले, पुन्हा काळा.

“आता कुणीतरी हं म्हना,” ते म्हणाले आणि तिसऱ्यांदा बटण दाबले.

भर दुकानात सुनंदाताईंनी ‘हं’ म्हटले. पान आले.

“हाच द्या.”

“पण काका, तो स्लो आहे.”

“व्हय. म्हनूनच.”

घरी वहिनींनी यंत्र उलटसुलट करून पाहिले. “नवं सोडून जुनं आणलंसा,” त्या म्हणाल्या, आणि त्याला हळदकुंकू लावले.

* * *

वाचनाच्या संध्याकाळी सभागृह भरले होते. कॉलेजची मुले पुष्कळ. मी प्रास्ताविकात हुंकाराची रीत समजावून सांगितली. सर्वांनी माना डोलावल्या.

अण्णांनी सांगणारीचे नाव वाचले आणि कथा सुरू केली. बोट ओळीखाली, आवाज पूर्वीचाच. पानाच्या तळाशी म्हातारी दाराआडून विचारते, “उघडते, पण आधी सांग, तू कोण?” अण्णांनी बटण दाबले. पडदा काळा झाला. नवे पान आले.

सभागृहात कुणी काही बोलले नाही. मुले एकमेकांकडे पाहू लागली. सुनंदाताईंनी माझ्याकडे पाहिले; आमचा हुंकार चालणार नव्हता. अण्णांनी थोडी वाट पाहिली. मग त्यांचा डावा हात यंत्राचे आवरण मिटायला सरकला.

शेवटच्या रांगेतून गंगावहिनी म्हणाल्या, “हं.”

अण्णांनी पुढची ओळ वाचली.