मणी एक, दोरे दोन

राजश्रीवहिनींचं सकाळचं पहिलं घावन तव्याला चिकटायचंच. त्या दिवशीही चिकटलं. उलथन्याने त्या ते खरवडत होत्या, तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. दूधवाला तर कधीच येऊन गेला होता. गॅस बारीक करून, हात पुसत त्या ओटीवर आल्या.

दारात दमयंती उभी. काखेत कापडाचं बोचकं.

दमयंती मिरजोळ्याची, पण मांडवीत तिला ओळखत नाही असं घर विरळा. तिच्या हातच्या गोधडीत इथली कितीतरी पोरं वाढली. जुन्या सुती साड्या धुऊन, एकावर एक अंथरून ती हाताने टाके घालायची. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि ओळी अशा सरळ की दोरी धरून भात लावलाय असं वाटावं. वहिनींची ईशा अशाच गोधडीत लहानाची मोठी झाली. आता ईशाला दिवस गेले होते. तान्ह्या बाळाला पहिल्यांदा नवं कापड लावायचं नाही, जुनं मऊ सुतीच हवं, म्हणून वहिनींनी आपल्या आईची जपून ठेवलेली नऊवारी दमयंतीकडे दिली होती. बोचक्यातून तिचाच काठ बाहेर डोकावत होता.

"वैनी, ही घ्या तुमची साडी. मला नाय जमायचं आता."

"अगो, आत तरी ये. दारातूनच परत करतेस?"

दमयंती ओटीवर टेकली. वहिनींनी बोचकं सोडून पाहिलं. सुरुवातीच्या ओळी नेहमीसारख्या होत्या. पुढे त्या फाकल्या होत्या, आणि एके ठिकाणी तर एक ओळ दुसरीच्या अंगावर चढली होती.

"एक टाका बघायला जाते तर दोन दिसतात," दमयंती सांगू लागली. "अंदाजाने एकाला धरते, तो नेमका खोटा निघतो. घटकाभरात कपाळ ठणकायला लागतं. चष्मा दोनदा बदलला, चष्मेवाला म्हणतो नंबर बरोबर हाय. आणि आमचं म्हातारं काय म्हणतं, तर दोन दिसतात ना, मग एका गोधडीत दोन गोधड्यांचं काम झालं समज."

तिचा नवरा, भागोजी, असाच. वहिनींना हसू आलं, पण दमयंती हसली नाही.

"तुमच्या आईची साडी हाय ही. हिच्यावर चाचपडत नाय शिवायची मी."

वहिनींनी चहा आणि घावन पुढे ठेवलं. दमयंतीला साडीवर एक सुटलेला दोरा दिसला, तो चिमटीत धरताना तिने डावा डोळा मिटला. वहिनी बघत होत्या.

"डोळा का गो मिटलास?"

"मिटला की एकच दिसतो."

वहिनींच्या मनात ते राहिलं. एका डोळ्याने नीट दिसतं म्हणजे डोळा बिघडलेला नाही. बिघाड असलाच तर दोघांच्या मधे आहे. शेजारच्या समर्थला शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात कसलेसे व्यायाम शिकवले होते, ते त्यांना आठवलं. त्याच आठवड्यात त्या दमयंतीला तिथे घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी डोळे आतून-बाहेरून तपासले. मोतीबिंदू नाही, पडदाही चांगला. मग त्यांनी तिला व्यायाम शिकवणाऱ्या नम्रताकडे पाठवलं. नम्रताने एक पेन्सिल दमयंतीच्या नाकाकडे हळूहळू आणली. उजवा डोळा पेन्सिलीबरोबर आत आला. डावा अर्ध्या वाटेवरून बाहेर सरकला. वहिनींनाही ते स्पष्ट दिसलं.

"मावशी, घरी कधी बैल होते?"

"होते की. चांगली जोडी होती."

"जोताला दोघे जुंपलेत, बांधापाशी एक वळला आणि दुसरा सरळ चालत राहिला, तर?"

"तर नांगर गेला चुलीत."

"तुमचं तेच झालंय. बैल दोन्ही धडधाकट आहेत. जवळचं बघताना दोघांनी मिळून आत वळायचं असतं, त्यात एक मागे पडतो. त्याला सवय लावायची."

"ह्या वयात?"

"लागते. वेळ मात्र लागेल, आणि रोज करायला हवं. हे काही डोळ्यांच्या सगळ्या दुखण्यांवर चालत नाही हं. मोतीबिंदूला ऑपरेशनच लागतं, नंबराला चष्माच. पण तुमच्या दुखण्याला हाच उपाय."

तिने एक लांब पांढरा दोरा दिला. त्यात लाल, पिवळा, हिरवा असे तीन मणी. दोऱ्याचं एक टोक खिडकीला बांधायचं, दुसरं नाकाच्या शेंड्याशी धरायचं, आणि लांबच्या मण्यापासून जवळच्या मण्यापर्यंत एकेकावर नजर ठरवायची.

दमयंतीच्या घरी नातवंडांनी पहिल्याच दिवशी मणी ओढायला सुरुवात केली. म्हणून दोरा आला वहिनींच्या ओटीवर, खिडकीच्या गजाला. दमयंती दुपारच्या एसटीने यायची, दोऱ्याला नाक लावून बसायची, मग सरावाला एखाद्या चिंधीवर थोडे जाडेभरडे टाके घालायची. तिला त्रास नको म्हणून वहिनी सकाळीच सुया ओवून सुयांच्या छोट्या गादीत टोचून ठेवत. दमयंती त्या सुयांकडे बघायची आणि मग एक उचलायची. येणारे-जाणारे विचारत, कसला नवस बोललीय ही? वहिनी म्हणत, डोळ्यांचा.

आठवडे गेले. फरक म्हणून काही नाही. ईशा बाळंतपणाला यायची वेळ जवळ आली. एका दुपारी दमयंतीने दोरा सोडला.

"वैनी, साडी दुसऱ्या कोणाकडे द्या. तुमची ईशा थांबेल, बाळ थांबायचं नाय."

"आज एकदा माझ्यासमोर कर. मग बघू."

वहिनी खिडकीपाशी, थेट तिच्या समोर बसल्या. दमयंतीने दोरा नाकाशी नेला, आणि डावी पापणी अलगद खाली आली.

"अगो, डोळा मिटलास."

"मग काय करू? दोन्ही उघडे ठेवले तर दोन दोरे दिसतात. दुखणं ते. मी रोज त्यांचा एक करते." हे तिने जरा अभिमानानेच सांगितलं.

वहिनींना काहीतरी खटकलं. त्यांनी नम्रताला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि दमयंती काय करते ते सांगितलं. पलीकडून हसू ऐकू आलं.

"मावशी, दोन दोरे दिसायलाच हवेत. मणी एक आणि दोरे दोन, मण्यापाशी फुली मारल्यासारखे. म्हणजे दोन्ही डोळे कामावर आहेत. तुम्ही रोज एकाला सुट्टी देत होता. चुकलं माझंच, तुम्हाला काय दिसतं ते मी विचारायला हवं होतं."

दमयंतीने दोरा मांडीवर ठेवला. सुई ओवताना एक डोळा मिटायचा, ही जन्माची सवय. त्यात दोन दिसण्याची धास्ती बसलेली. "म्हणजे चांगलं झालं तेच मी दुखणं समजून पुसत होते," ती हळूच म्हणाली.

तिने दोन्ही डोळे उघडे ठेवून दोरा धरला. लांबच्या हिरव्या मण्यापाशी फुली जमली. पिवळ्यापाशी जमली, डोळ्यांत पाणी आलं. जवळच्या लाल मण्याचे मात्र दोन झाले. पण तिथून पुढे, रोज सराव करता करता, तो लाल मणीही वळणावर आला. भागोजीने विचारलं, "आता मी तुला एकच दिसतो ना?" ती म्हणाली, "एकच. पुरे झाले तेवढे."

फाकलेल्या ओळी तिने सगळ्या उसवल्या. वहिनी नको म्हणत असताना उसवल्या, आणि ईशा माहेरी पोचायच्या आत नऊवारीची गोधडी घडी घालून दिली. वहिनींनी टाक्यांवरून बोटं फिरवली. आईचा हात पाठीवरून फिरावा तसं त्यांना झालं.

"तुला काय देऊ, सांग," त्या म्हणाल्या.

"मलाच काय देऊ म्हणता? तुम्ही दवाखान्यात नेलंत म्हणून तर हे जमलं. ओटीवर दोरा बांधू दिलात, लोकांना उत्तरं दिलीत." तिने पिशवीतून कोकमाच्या सोलांची पुडी काढून पाटावर ठेवली. "औंदाची हायत. आंबट हायत चांगली."

बाळाला बदलायला अजून एक गोधडी हवीच होती. वहिनींनी दुसरी साडी काढली, आणि सवयीने सुयांची गादी दमयंतीपुढे सरकवली, सगळ्या सुया ओवलेल्या. दमयंतीने एकेक सुई घेतली, दोरा ओढून काढला, आणि रिकामी सुई परत टोचली. मग एक उजेडाकडे धरून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, स्वतः ओवली.

"वैनी, एवढंच करा. उद्यापासून सुया ओवून ठेवू नका."