नकोशीआत्या नावं ठेवते

कोऱ्हाळे बुद्रुकच्या आप्पांना पाठोपाठ तीन मुली झाल्या आणि चौथीही मुलगीच झाली, तेव्हा आप्पांच्या बहिणीनं पाळण्यात वाकून तिच्या कानात सांगितलं, "नकोशी." पुढं दोन वर्षांनी तिच्या पाठीवर मानसिंग जन्मला. नावानं गुण दाखवला, असं सगळा गाव म्हणाला. नकोशीचा पायगुण म्हणून आप्पा बारामतीच्या बाजारातून तिच्यासाठी आठवणीनं रेवड्या आणायचे. म्हणजे नाव नकोशी आणि घरात सगळ्यांत लाडकी तीच.

इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीला तिला दिली. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं 'सुशीला' लिहिलं, पण ते नाव तांदळाबरोबरच शिजून गेलं. सासरी, माहेरी ती नकोशीच राहिली.

थोरल्या तिघी बहिणी लांब दिलेल्या, त्यामुळं मानसिंगच्या घरातल्या बारशांचा मान नकोशीकडं आला. पुढं पुढं भावकीतलीही बोलावणी येऊ लागली. पाळण्यातल्या पोरीला ती एखाद्या गेलेल्या म्हातारीचं नाव द्यायची. गोजरा, साळू, शेवंता, चतुरा. "मानूस जातं त्याला इलाज न्हाय," ती म्हणायची, "पन चांगलं नाव कशाला वाया घालवायचं?"

नव्वद साल उजाडलं तशी घरोघरी टीव्हीवरची नावं शिरली. गल्लीत पूजा म्हणून हाक मारली की चार घरांतून चार पोरी बाहेर यायच्या. मानसिंगच्या मुलाला, रवींद्रला पहिली मुलगी झाली तेव्हा त्याच्या बायकोच्या, पद्माच्या मनातही पूजाच होतं. आत्यानं ठेवलं केशर. पद्मा आठवडाभर घुश्शात होती. दुसरीचं नाव मैना ठेवलं तेव्हा मात्र ती नुसती हसली.

शहाण्णव साली पद्माला तिसरी मुलगी झाली. नकोशीआत्या बारशासाठी एसटीनं कोऱ्हाळ्याला आली. हातपाय धुऊन ती ओट्यावर टेकली, तोच मानसिंगची बायको ठमाबाई चहा घेऊन आली आणि शेजारी बसली.

"वन्सं, औंदा दुसरं नाव शोधू नका. तुमचंच ठेवा."

"माझं?"

"व्हय. तुमच्या पाठीवर हे आले. रवींद्रला बी एक पोरगा व्हावा. नावात गुण हाय तुमच्या."

ठमाबाई हे मानानं सांगत होती. आपलं नाव मागितलं म्हणून नणंद खूश होईल असं तिला मनापासून वाटलं होतं. नकोशीआत्यानं बशीतला चहा तसाच ठेवला. एवढ्या वर्षांत ती स्वतःच्या नावावर कधी रडली नव्हती, उलट लोकांना हसवायची. पण ते नाव आता आपल्याच तोंडून, दुसऱ्या एका जिवाच्या कानात सांगायचं, हे तिला जमणार नव्हतं.

ती उठून आतल्या खोलीत गेली. पद्मा बाळाला पाजत होती. डोळे सुजलेले. सासूचं बोलणं तिच्या कानावर आधीच आलं होतं.

"पद्मा, तुझ्या मनात काय हाय?"

पद्मानं बाळाला खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "माझ्या आजीचं नाव झुंबर होतं. सुप्याला मी तिच्याजवळच वाढले, आत्या. पण लोक हसतील."

"हसू दे की. पोरीच्या नावानं लोक हसलं तर बिघडलं काय?"

दुपारी आयाबाया जमल्या. घुगऱ्यांची परात आली, पाळण्याला फुगे बांधले गेले. नकोशीआत्या पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात 'कुर्रऽ' केलं आणि नाव सांगितलं. बायकांनी रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. पाठ चोळत ती ताठ झाली आणि म्हणाली, "झुंबर."

ठमाबाईच्या हातातल्या घुगऱ्या परातीत पडल्या. "वन्सं, काय ठरलं हुतं आपलं?"

"तू सांगितलंस. मी कुठं व्हय म्हटलं?"

"पन तुमच्या नावात वाईट काय हाय? तुमाला कधी कुनी नको म्हटलं का? सगळ्यांच्या लाडक्या तुमी."

"म्हटलं की," नकोशीआत्या शांतपणे म्हणाली. "रोज हाक मारून म्हटलं. लाडानं म्हटलं, पन म्हटलंच."

दारात उभा असलेला मानसिंग खाली बघू लागला. बहिणीचं नाव त्यानं आयुष्यभर ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ आज पहिल्यांदा कानात शिरल्यासारखा वाटला.

"ठमे," तो म्हणाला, "आक्कानं सांगितलं ते नाव. आता घुगऱ्या वाट."

ठमाबाईनं घुगऱ्या वाटल्या, पण संध्याकाळपर्यंत नणंदेशी बोलली नाही. निघताना मात्र तिनं पिशवीत गुळाची ढेप घातली. तिचा राग तेवढ्यावर निवला, हे नकोशीआत्यानं ओळखलं.

झुंबर नावाला न शोभणारी निघाली. लखलखायचं सोडून दणदणीत ओरडायची, आणि ठमाबाईच्या कडेवरच गप्प बसायची. महिन्याभरात ठमाबाईनंच 'झुंबे, झुंबे' करत तिला उसाच्या बांधावरून मिरवायला सुरुवात केली. रवींद्रनं पद्माला विचारून तीन मुलींवर थांबायचं ठरवलं. ठमाबाई चार दिवस कुरकुरली, पण झुंबर तिला फार वेळ कुरकुरू देत नव्हती.

त्या वर्षी भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मानसिंगनं चाचरत विचारलं, "आक्का, तुला बी एखादं चांगलं नाव ठिवू का?"

नकोशीआत्या पोट धरून हसली. "ह्या वयात बारसं? आनि पाळन्यात बसवनार कसं मला? ऱ्हाऊ दे. माझं माझ्या अंगाला बसलंय. पुढं कुनाला घालू नका म्हंजे झालं."

मग तिनं ताटातला लाडू उचलला आणि ठमाबाईला विचारलं, "शेजारची सून बाळंत झाली म्हनं. काय झालं तिला?"

"मुलगी."

"मंग मी उद्याची एसटी सोडते," नकोशीआत्या म्हणाली आणि लाडू फोडला.