खडूने आखलेली सावली

धाराशिवातली सावली कुणाच्या नावावर करायची ठरली, तर तिचा सातबारा थेट आमच्या कंट्रोलरसाहेबांच्या नावाने निघेल. हे गृहस्थ एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त झाले ते कागदावर. आवाज अजून ड्युटीवरच आहे. लग्नाच्या पंगतीत त्यांनी पाणी मागितलं की दोन-चार माणसं पिशव्या उचलून उभी राहतात.

शहरातल्या मोकळ्या जागा बसण्याजोग्या व्हाव्यात म्हणून आम्ही काही जणांनी एक संस्था काढली. मी निवृत्त मास्तर, अक्षर बरं, म्हणून सचिव झालो. चार वर्षांपूर्वी संचालक मंडळावर दोन नवे सदस्य आले. एक पुण्यात शिकलेल्या आर्किटेक्ट बाई आणि दुसरे हे. स्वागताच्या सभेत बाईंनी आपलं शिक्षण सांगितलं. कंट्रोलरसाहेबांनी आधी घड्याळ पाहून सभा किती उशिरा सुरू झाली ते जाहीर केलं आणि मग म्हणाले, "मी पस्तीस वर्षं माणसं थांबताना बघितलीत." एवढं बोलून ते खाली बसले.

बाईंनी पडद्यावर स्टँडजवळच्या मोकळ्या जागेचं चित्र दाखवलं. झाडं, बाकं, हसरी माणसं. आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मात्र चष्मा पुसला. "ही माणसं कुठल्या गावची, बाई? एकाच्याबी हातात पिशवी न्हाय."

बाई हसल्या. त्यांना हा माणूस आवडला होता. बाकं कुठं बसवायची ते तुम्हीच पाहून सांगा, असं त्यांनीच सुचवलं.

त्यानंतर साहेबांच्या खिशात पेनाच्या जागी खडू आला. भर मे महिन्यात टोपी घालून ते रोज तिथं जात आणि शहाबादी फरशीवर कडुनिंबाची सावली आखत. दहाची वेगळी, बाराची वेगळी, साडेचारची वेगळी. माणसं जिथं थांबतात तिथं गोल. कुणी गोलातून हललं तर त्याला विचारत, "का निघालात? काय टोचलं?" आठवड्यात सगळी फरशी पांढरी झाली. मंडळ ती पाहायला येणार होतं, सोबत मोठे पाहुणेही होते.

आता जे लिहायचं ते लिहितो. पाहुण्यांना ते गिरगटणं दिसायला नको म्हणून त्या सकाळी सहाला मी स्वतः बादली आणि खराटा घेऊन गेलो. खडू साहेबांचा आहे हे मला ठाऊक होतं. पुन्हा काढतील, एवढाच विचार केला. दहाला मंडळ आलं तेव्हा फरशी आरशासारखी. साहेब एकदा फरशीकडे, एकदा झाडाकडे पाहत राहिले. कुणीतरी म्हणालं, गाडी रद्द झाली वाटतं. सगळे हसले. मीही हसलो. इतिवृत्तात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "सदस्यांच्या नोंदी जागेवर आढळल्या नाहीत." बाकं चित्राप्रमाणे बसली आणि पुढच्या मंडळातून साहेबांचं नाव गळलं. तो ठरावही माझ्याच अक्षरात आहे.

आज त्या लोखंडी बाकांवर दुपारी भाकरी भाजता येईल. माणसं पिशव्या घेऊन कडुनिंबाखाली उभी राहतात. बरोबर त्या गोलांत.

गेल्या आठवड्यात इतिवृत्ताच्या वहीत खरं काय ते लिहून सही केली आणि वही घेऊन त्यांच्याकडे निघालो. साहेब तिथंच, कडुनिंबाखाली भेटले. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि वही पुढे केली. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही.

"ठाऊक हाय, गुरुजी. त्या दिवशी तुमच्या पँटीच्या मोहरीला खडूचा चिखल होता."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"पाहुणे होते ना."

मग गुडघ्यावर हात टेकत ते खाली वाकले. खिशातून खडू काढून माझ्या चपलांभोवती त्यांनी गोल काढला. माझं अर्धं अंग उन्हात होतं.

"साडेचारला सावली हितं पोचती," ते म्हणाले. "तवर थांबा."

मी थांबलो.