मान हलवली म्हणजे हो नव्हे

ये माय, जवळ ये. फोन उपडा ठेव आणि हे शेवटपर्यंत वाच. तुझी खोड मला माहीत आहे. दोन ओळी वाचायच्या आणि 'कळलं गं आई' म्हणायचं. काही कळलेलं नसतं. लहानपणी मी दूध ओतायच्या आत पेला ओढून घ्यायचीस, नाशिकला जाऊन मोठी नोकरी लागली तरी तशीच आहेस. तुझ्या पाटीवर तुझ्याबरोबर गिरवून मी अक्षरं शिकले, म्हणून माझं लिहिणं बोलल्यासारखंच येतं. हसू नकोस.

तू लूमच्या खात्यात, त्या कापड विणायच्या कारखान्यात, कधी पाय ठेवला नाहीस. मी जायची, धुळ्याकडून लग्न होऊन सुरतेत आले तेव्हा, तुझ्या बाबांचा डबा घेऊन. दारातच आवाज छातीवर बसायचा. विणायचे सगळे संचे एकदम खडखडत असायचे, शेजारी उभा माणूस काय बोलतो ते कळत नसे. चहा हवा असेल तर अंगठा तोंडाशी न्यायचा, धागा तुटला असेल तर दोन बोटं एकमेकांवर घासायची. बस, तेवढंच बोलणं. एकदा माझ्यासमोर शेठ आला, बाबांच्या तोंडाशी तोंड नेऊन काहीतरी ओरडला. बाबांनी मान हलवली. शेठ पुढं गेला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होता?"

"कोण जाणे."

"मग मान कशाला हलवली?"

"मान हलवली की शेठ पुढं जातो," म्हणाले, आणि डबा उघडून मिरचीचा ठेचा बोटानं चाखला.

खात्यात सगळेच तसं करायचे. ऐकू आलं नाही तरी मान हलवायची. नाही म्हटलं तर थांबावं लागतं, थांबलं तर संचा थांबतो. जन्मभराची सवय ती, घरीही आली. मी सांगायची येताना कोथिंबीर आणा, हे मान हलवून जायचे आणि रिकाम्या हातानं यायचे. मी भांडले की म्हणायचे, "मान हलवली म्हणजे हो म्हणालो, असं कोणी सांगितलं तुला?" तू आणि तुझा भाऊ पोट धरून हसायचात. आठवतं ना? आठवत असेल तर पुढचं नीट वाच.

लकव्यानं त्यांचं उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. कान तर खात्यानं आधीच खाल्ले होते, डाव्या कानानं काय थोडं ऐकू येतं तेवढंच. डॉक्टर म्हणाले, बोलतील, पण त्यांना वेळ द्या. वेळ कोणाकडं आहे? डिंडोलीतल्या या दीड खोलीत तुझा भाऊ रात्रपाळी करून येतो नि दिवसा झोपतो, वहिनी सकाळीच कामाला जाते, दोन पोरं, आणि मी. बाबांनी तोंड उघडलं की कोणी म्हणतं पाणी हवं, कोणी म्हणतं पंखा वाढवू. ते मान हलवतात. तहान नसताना पाणी पितात. मग अंथरूण ओलं होतं, मग वहिनी भांडी जोरानं ठेवते. तिला दोष देत नाही मी. कामावरून येऊन रोज गोधडी धुवायला मीही कंटाळले असते.

मग तुझ्या भावानं विचारलं, "बाबा, गावी काकांकडे राहता का? अंगण आहे, हवा आहे." बाबांनी मान हलवली. तू फोनवर चेहरा दाखवून विचारलंस, "बाबा, गावी जायचं ना?" पुन्हा मान हलवली. तू म्हणालीस, "बघ आई, किती खूश आहेत," आणि फोन ठेवलास. त्यांचं तोंड उघडंच होतं गं. ओठ हलत होते. पडदा काळा झाला तरी ते त्यात बघत होते.

ठरलं सगळं. गणपती उठले की गाडी येणार. मी इथंच राहायचं, नातवंडं कोण बघणार. ते एकटे जाणार.

परवाची गोष्ट. दुपार होती. तुझा भाऊ कामाचे कपडे आणायला बाहेर गेला होता, पोरं शाळेत. मी साड्यांचे सुटे धागे कापायचं काम घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. गॅसवर दूध ठेवलेलं. ते म्हणाले, "त…"

मी काही बोलले नाही. वर बघितलंही नाही, कारण कोणी तोंडाकडं बघत राहिलं की ते घाबरतात, बोलायचं सोडून देतात. कात्री चालू ठेवली. "त… त…" पुन्हा थांबले. खाली भाजीवाला ओरडत आला, ओरडत गेला. दूध वर येतंय हे मला आवाजावरून कळत होतं. उठले असते तर संपलं असतं. दूध उतू गेलं. जळका वास घरभर झाला, ज्योत विझली तेव्हा हात लांब करून गॅसचं बटण तेवढं फिरवलं नि तशीच बसले. लोक म्हणतात धीर धर, जसं काही बसची वाट बघायची आहे. दुसऱ्याचा अर्धा शब्द तोंडाशी लोंबत असताना आपलं तोंड मिटून ठेवणं, ते फार जड असतं. मला तर तेव्हा जीभ दातांत धरावी लागली.

मग आलं, तुकड्या-तुकड्यानं, आपल्या अहिराणीत. "तठे… मन्हं… कोन शे?" तिथं माझं कोण आहे. आणि खूप वेळानं, "माले… आठेच… ऱ्हावू द्या." मला इथंच राहू द्या. लाळ गळ्यापर्यंत आली होती. मी पदरानं पुसली.

तुझा भाऊ आला, त्याला सांगितलं. तो दमलेला, जळक्या दुधाच्या वासानं आणखी वैतागला. म्हणाला, "आई, तुला हवं ते तू ऐकतेस."

"मग तू विचार."

तो पलंगासमोर बसला. "बाबा, गावी जायचं नाही का?" बाबांनी मान हलवली. "मग जायचं का?" मान हलवली.

"बघ," म्हणाला. आणि हळूच, भिंतीकडं बघत, "मी तरी काय करू, सांग. मला झोप मिळत नाही." रडवेला झाला होता पोरगा. त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. ठेवला असता तर त्याला वाटलं असतं मी मानलं.

माझं आता कोणी ऐकणार नाही. तुझं तो ऐकतो, पहिल्यापासून. म्हणून लिहिते आहे. फोन करू नकोस, फोनवर ते मानच हलवतील. तू ये. त्यांच्या डाव्या बाजूला बस, काही विचारू नकोस, तुझ्या भावालाही शेजारी बसव. माझ्याबरोबर धागे काप. ते सुरू करतील तेव्हा मधे शब्द घालू नका, दोघांनीही. दूध गेलं तर जाऊ दे.

पुन्हा बोलतील की नाही, मला ठाऊक नाही. परवापासून गप्प आहेत, गाडी कधी येणार ते त्यांना कळलेलं असावं. दारावर कोणी थाप मारली की डावा हात पलंगाच्या कडेला घट्ट धरतात. ज्वारीच्या बिबड्या तळून ठेवते तुझ्यासाठी. गणपती बसायच्या आधी ये माय, उठल्यावर नको.