दोन हुक

पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावातला धनेश म्हात्रे डोलवीच्या बाजूला ठेकेदाराकडे हायड्रा क्रेन चालवायचा. एकवीस सालच्या एप्रिलमध्ये त्याला कोरोना झाला. पनवेलच्या दवाखान्यात सव्वीस दिवस काढले, त्यातले अकरा व्हेंटिलेटरवर. घरी आला तेव्हा पडवीची पायरी चढायला त्याला बायकोचा, दिपिकाचा खांदा लागला.

ऑगस्टपर्यंत पाय बरे झाले. मात्र डोळ्यांचं काहीतरी बिनसलं होतं. सकाळी ठीक दिसायचं. दुपार कलली की समोरच्या खांबाशेजारी दुसरा खांब उभा राहायचा. आमटीत भाकर बुडवायला गेला की हात वाटीच्या कडेवर आपटायचा. एक डोळा मिटला की सगळं जागेवर. म्हणून त्याने कुणाला सांगितलंच नाही. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहायचा. बसला तरी गुडघा हलत असायचा.

"जरा टेका की," दिपिका म्हणायची.

"टेकून चार महिने झाले गो. आता मला कामावर जाऊं दे."

कामावर घेण्याआधी ठेकेदाराला नजरेचा दाखला हवा होता. पेणच्या एका चष्मेवाल्याकडे धनेशने आधी डावा डोळा झाकून अक्षरं वाचली, मग उजवा. शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर. "नंबर नाय. नजर एकदम साफ," चष्मेवाला म्हणाला. धनेशने दाखला खिशात घातला, पण घरी येईस्तोवर तीनदा बाहेर काढून वाचला. आपणच वेडे झालोय की काय, असं त्याला वाटू लागलं.

सोमवारी तो हायड्रावर चढला. सकाळच्या फेऱ्या नीट झाल्या. जेवणानंतर पाइप उचलायचे होते. खाली आदेश, हुकाला माल अडकवणारा खलाशी, पट्टा घेऊन उभा होता. धनेशने वर पाहिलं तर हुक दोन, त्यांच्याखाली आदेशही दोन. त्याने उजवा डोळा मिटला आणि रिकामा हुक खाली सोडला. हुक किती लांब आहे, ते मात्र आता कळेना.

"ओ दादा! थांब, थांब!"

आदेश मागे उडी मारून पडला. हुक त्याच्या हेल्मेटला घासून गेला होता. धनेशने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"डोळे कुठं होते तुझे?" आदेश ओरडला.

"मला दोन दिसतात," धनेश म्हणाला. "दवाखान्यातून आल्यापासून."

आदेशने हेल्मेट काढून त्यावरचा ओरखडा पाहिला. मग म्हणाला, "मला दोन पोरं हायत, दादा. आधी सांगायचं."

त्या दिवशी धनेशने स्वतःच ठेकेदाराला सगळं सांगितलं आणि घरचा रस्ता धरला. दिपिका ऐकून रडली, मग चिडली. दोन दिवसांनी तिने त्याला रेल्वेने रोह्याला नेलं. डोळ्यांचे व्यायाम शिकवणाऱ्या नमिता मॅडम तिथे बसत. त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवायला लावले, मग एक एक आलटून पालटून झाकून पाहिला.

"डोळे दोन्ही चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "पण ते एकत्र काम करत नाहीत. एवढ्या मोठ्या आजारात ती ताकद कमी होते. दमलात की जास्त जाणवतं ना?"

"व्हय," धनेश म्हणाला. कुणीतरी आपलं खरं मानलं, एवढ्यानेच त्याला मोकळं वाटलं.

त्यांनी त्याला बिननंबरचा चष्मा दिला आणि त्याच्या काचेवर दोन्ही चित्रं जुळवणारी एक पातळ पट्टी चिकटवली. व्यायाम दिला : पेनाचं टोक हाताच्या अंतरावरून नाकाकडे आणायचं, दोन दिसू लागलं की थांबायचं. रोज तीनदा. धनेशला त्याचा वीट आला. डोकं दुखायचं, मळमळायचं. एकदा त्याने पेन परसात भिरकावलं. दिपिकाने दुसरं आणून त्याच्यासमोर धरलं आणि आपला हात हलू दिला नाही.

दर पंधरवड्याला रोहा. गाडीतही तो दारापाशी उभा, परत आत, परत दारापाशी. होळीच्या सुमारास काचेवरची पट्टी निघाली. ठेकेदाराने तोवर त्याला खाली, इशारे देण्याच्या कामावर घेतलं होतं. दुसऱ्याने चालवलेली क्रेन खालून बघताना त्याचे हात शिवशिवायचे.

पावसाळ्याआधी मॅडमनी हरकत नाही म्हटलं. तरी धनेश लगेच वर चढला नाही. महिनाभर सुट्टीच्या वेळी, आसपास कुणी नसताना, रिकाम्या ड्रमवर हुक टेकवून बघत राहिला. एक दिवस आदेश न बोलावता येऊन पट्टा धरून उभा राहिला.

"लांब हो," धनेश वरून म्हणाला.

"तू उचल. मी बघतो."

धनेश आता पुन्हा हायड्रा चालवतो, पण फक्त सकाळच्या शिफ्टला. थकवा आला की अजून कधी कधी वस्तूंच्या कडा दुहेरी दिसतात. तेव्हा तो इंजिन बंद करतो, खाली उतरतो आणि "मला दोन दिसतात" असं सगळ्यांसमोर मोठ्याने सांगतो. मग यार्डात फेऱ्या मारत राहतो. एका जागी बसणं त्याला अजून जमत नाही.